रिकाम्या रस्त्याची आवड

सुट्टीत पळायला रस्ता शोधायचा तो रिकामा, हे माझं कित्येक वर्षांचं ठाम मत होतं. आमच्या ठाण्याच्या ग्रुपमधलं कुणी दापोलीला, तारकर्लीला, गोव्याला निघालं की विचारणा माझ्याकडे यायची आणि मी ऐटीत सांगायचे, समुद्राची कड धरा, वस्तीकडे पाठ करा, उजाडायच्या आत निघा आणि माणसं दिसायला लागली की परत फिरा. त्यामागे थोडा अभ्यासही होता. कोकणात किनाऱ्यावर पळायचं तर घड्याळाआधी तिथी बघावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे सहाच्या सुमाराला ओहोटी असते. कर्दे-मुरुडला त्या वेळी पाणी इतकं मागे हटलेलं असतं की ओल्या, घट्ट वाळूचं मैदानच हाती लागतं. सप्तमी-अष्टमीला त्याच वेळी भरती असते, मग माडांखालच्या मऊ वाळूत पोटऱ्या भरून येतात. हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक असल्याचा थोडा तोराही होता.

हे मत चेन्नईत बदललं. आता कुणी विचारलं तर मी जवळजवळ उलटं सांगते आणि ग्रुपमधली जुनी मंडळी माझ्याकडे संशयानं बघतात. उलटं का, ते लिहून टाकावं म्हणते. त्यात एक गोष्ट अशी आहे जी ग्रुपमध्ये मी कधी बोललेले नाही.

माझी थोरली बहीण लग्नानंतर चेन्नईची झाली. मंदवेलीत राहते, म्हणजे मैलापूरला अगदी लागून. नाताळच्या सुट्टीत आमचा मुक्काम तिच्याकडे. नकाशावर पाहिलं तर तिच्या घरापासून समुद्र पूर्वेला हाकेच्या अंतरावर. उत्तरेला बंदरापर्यंत आणि दक्षिणेला तिरुवान्मियूरच्याही पुढे किनारा पट्टीनं आखल्यासारखा सरळ, मध्ये फक्त अड्यार आणि कूवम या नद्यांची मुखं. आणखी काय हवं, असं मनात म्हणत बूट भरले.

कोकणचं गणित तिथे पहिल्याच सकाळी कोसळलं. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. चेन्नईत तो जेमतेम एक-सव्वा मीटर. ओहोटी येते, पण पाणी मागे जातं कुठे? किनारा उतरता, वाळू जाडी आणि सैल, लाट पायाशी येऊन फुटते. एक पाय वर, एक पाय खाली अशी तिरकी धाव थोडा वेळ घेतली की गुडघा बोलायला लागतो. मरीनावर तर पाण्यापर्यंत पोचायलाच काही ठिकाणी तीन-तीनशे मीटर वाळू तुडवावी लागते.

ही वाळू पूर्वी तिथे इतकी नव्हती. १८७५नंतर मद्रास बंदराचे बांध समुद्रात घालायला सुरुवात झाली. या किनाऱ्यालगत वाळू वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते, ती बांधाला अडली आणि दक्षिणेला साचत गेली. बंदराच्या पलीकडे, रोयापुरम-तिरुवोट्टियूरच्या बाजूला, वाळू पोचेनाशी झाली. तिथला किनारा समुद्रानं खाल्ला आणि आज तो दगडांच्या राशी टाकून धरून ठेवावा लागतो. मरीनाचा विस्तार म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यात उत्तरेच्या कोळीवाड्यांच्या वाट्याची वाळू आहे. हे कळल्यावर त्या वाळूत पाय रुतल्याचा राग थोडा कमी झाला, पण पळता काही येईना.

तेव्हा फिरायचा रस्ता धरला. हा रस्ता गव्हर्नर ग्रँट डफनं १८८०च्या दशकात करून घेतला आणि सिसिलीतल्या पालेर्मोच्या आठवणीनं त्याला मरीना हे नाव दिलं. दीपस्तंभाकडून नेपियर पुलाकडे निघालं की डाव्या हाताला क्वीन मेरीज कॉलेज, विवेकानंद १८९७मध्ये जिथे राहिले ते जुनं बर्फघर, प्रेसिडेन्सी कॉलेज, विद्यापीठाचं सिनेट हाउस. उजव्या हाताला पुतळे. १९६८च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी इथे पुतळ्यांची रांग उभी राहिली, औवैयार, तिरुवळ्ळुवर, कण्णगी, भारतीयार, भारतीदासन. शिवाय तिरुक्कुरळचं इंग्रजी भाषांतर करणारे पोप आणि द्रविड भाषांचं तौलनिक व्याकरण लिहिणारे कॉल्डवेल हे दोन पाद्री. एका व्याकरणकाराच्या पुतळ्यापासून एका कवयित्रीच्या पुतळ्यापर्यंत वेगानं, मग पुढच्यापर्यंत सावकाश, असा सराव मी आधी कुठे केला नव्हता. मुंबईत मरीन ड्राइव्हवर आपल्या खुणा हॉटेलांच्या असतात.

पण रस्ता रिकामा नव्हता. डिसेंबरअखेरीस चेन्नईत सूर्य साडेसहाच्या आत उगवतो, ठाण्यात सातनंतर. माझ्या हिशेबानं मी पहाटे निघत होते, तिथल्या हिशेबानं मी उशिरा पोचत होते. साडेपाचला मरीनावर जत्रा. मंडळं करून व्यायाम करणारे, खो खो हसणारे हास्यक्लबवाले, सैन्य-पोलिसभरतीच्या तयारीचे तरुण, जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी घाम गाळणारे धावपटू. चेन्नई रनर्स हा तिथला २००६पासूनचा मोठा गट. त्यांच्यातल्या एकांनी थांबून आपुलकीनं मला रस्ते सांगितले, आणि ते सगळे गजबजलेले होते. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, आपला रस्ता आपणच शोधू.

शोधला. अड्यारच्या मुखाशी, बेझंटनगरच्या उत्तर टोकाला एक मोडका पूल आहे. १९६७मध्ये मुख ओलांडण्यासाठी बांधलेला, दहा वर्षांनी त्याचा काही भाग कोसळला, मग तो तसाच राहिला. सिनेमांमुळे आता तो प्रसिद्ध आहे. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, चिटपाखरू नाही. माझ्या व्याख्येत याहून चांगली जागा बसणारच नव्हती. मी तिकडे गेले, पळाले, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, बदाम आले.

घरी आल्यावर ताईनं फोटो पाहिला. ‘एकटी गेलीस?’ एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती रागावली की कमी बोलते.

तिला उत्तर द्यायला म्हणून मी ती धाव मनात पुन्हा आठवली आणि त्यातलं पाणी फारसं आठवेना. आठवत होतं ते दुसरंच. वाळूच्या ढिगामागे कुणी बसलंय का, कुत्री किती आहेत आणि कुठे आहेत, मागून येणारा आवाज पावलांचा की लाटेचा. एका कानात गाणं, दुसरा कान मोकळा. पुलाकडे जाताना मी वळून वळून मागे बघत होते. कर्द्यालाही बघत होते. मिरामारलाही. येऊरच्या गेटापाशीही. बायका हे वाचून म्हणतील, यात नवीन काय, आम्ही सगळ्याच बघतो. खरं आहे. नवीन एवढंच की असं असताना मी वर्षानुवर्षं रिकाम्या रस्त्यांची तरफदारी का करत होते, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

आता ती न बोललेली गोष्ट. मी पळायला लागले चाळिशी उलटल्यावर, वजन चांगलंच वाढलेलं असताना. सोसायटीतल्या गच्च्या, गॅलऱ्या, वॉचमनची खुर्ची, दूधवाला या सगळ्यांच्या नजरा चुकवायच्या म्हणून पाचला अंधारात निघायचे. ‘या वयात कशाला गं?’ हे एकदा ऐकलं होतं, तेवढं पुरलं. पुढे वजन उतरलं, दम वाढला, अंधाराची सवय मात्र राहिली, आणि तिला मी हळूहळू आवड म्हणू लागले. निसर्ग, शांतता, एकांत ही सगळी भाषा नंतरची. मुळात मला पळताना कुणी बघायला नको होतं. रिकाम्या रस्त्याचं माझं सगळं शास्त्र, तिथी-बिथीसकट, या लाजेवर उभं होतं. भाषा मी पुरुष धावपटूंची घेतली होती. त्यांना रिकामा रस्ता खरंच मोकळा असतो.

दुसऱ्या दिवशी मी ताईच्या धाकानं मैलापूरच्या आत पळायला गेले. समुद्र सोडून शहरात पळायचं म्हणजे सुट्टी वाया, या भावनेनंच गेले. तमिळांचा मार्गळी महिना चालू होता. आपला धनुर्मास तोच. आपल्याकडे काही घरांत अजून धुंधुरमास करतात, सूर्योदयाला मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी. तिथे त्याच वेळेला देवळात वेण पोंगल वाटतात, तांदूळ आणि मुगाच्या डाळीचा, वर मिरी, जिरं आणि तूप. कपालीश्वराच्या देवळाभोवती चार माड वीधी आहेत, देवाची मिरवणूक जिथून निघते ते रस्ते. मार्गळीत पहाटे भजनी मंडळी गात गात या रस्त्यांवरून फेरी घालतात. पापनाशम शिवन यांनी गेल्या शतकात ती रुजवली, आणि अजून चालू आहे. पायात चपला नाहीत, खांद्यावर उपरणं, बायका सहावारी-नऊवारीत, मागे झोपाळलेली नातवंडं.

त्यांना ओलांडून पुढे जाणं बरं दिसेना, म्हणून मी मागून चालत राहिले. गल्लीला वळल्यावर पळायला लागले तर रस्त्यावर कोलम. मार्गळीत कोलम उंबऱ्यापाशी थांबत नाही, सडा घातलेल्या रस्त्याच्या मध्यापर्यंत येतो. मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. रांगोळीवर पाय द्यायचा नाही हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग धाव कसली, डावीकडून वळसा, उजवीकडून वळसा, मध्ये एखादी बाई वाकून ठिपके टाकतेय तिच्या मागून. घड्याळ सांगत होतं की माझा वेग लाज वाटण्याइतका पडलाय.

आणि त्या सगळ्या वेळात मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. हे मला लझ कॉर्नरला सिग्नलपाशी थांबल्यावर लक्षात आलं.

लझला नागेश्वरराव पार्क आहे. पुढे तिथे मी वारंवार गेले. काशिनाथुनी नागेश्वरराव म्हणजे अमृतांजनवाले. हा बाम १८९३ साली निघाला तो मुंबईत. पुढे त्यांनी कारभार मद्रासला नेला आणि कंपनी लझला रुजली. खंडाळ्याच्या घाटातला अमृतांजन पूल २०२०मध्ये पाडला तेव्हा आपल्याकडे किती हळहळ झाली, पण हा गृहस्थ नंतर कुठे गेला हे मला त्या बागेत कळलं. बाग लहान आहे, फेऱ्या मारून चक्कर यावी इतकी. पण तिथे सकाळी मी जे पाहिलं ते मला आमच्या तलावपाळीवर क्वचितच दिसलं आहे. साठी-सत्तरीच्या बाया सुती साडी, गजरा, कपाळाला विभूती आणि पायात झकास स्पोर्ट्स शूज घालून झपाझप चालत होत्या. त्यांना आपण कसे दिसतो याची फिकीर दिसली नाही, मी कशी दिसते याची तर मुळीच नाही. एकदा मी फोनवर बोलत असताना एक आजी थांबल्या आणि मराठीत म्हणाल्या, ‘कुठल्या तुम्ही?’ घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलं. मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ. माझं ठाणं त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी पळते यात त्यांना विशेष वाटलं नाही. ‘पळा, पळा,’ म्हणाल्या, ‘थांबलं की थंडी लागते.’ चेन्नईच्या डिसेंबरात बावीस अंशांना कानटोपी घालतात, हे खरंच आहे.

आता लूप रोडबद्दल, कारण तिथे माझं मत नुसतं रस्त्यापुरतं बदललं नाही. दीपस्तंभापासून पट्टिनपाक्कमकडे समुद्रालगत जाणारा हा रस्ता नोच्चिकुप्पमच्या कोळीवाड्यातून जातो. कुप्पम म्हणजे कोळीवस्ती. सकाळी होड्या वाळूवर ओढलेल्या, जाळी निवडणं चालू, रस्त्याच्या कडेला बायका वंजिरम, शंकरा, कोळंबी मांडून बसलेल्या. पळायला हा रस्ता सरळ, सपाट, समुद्र दिसणारा, फक्त सलग नाही. पाटी आली, थांबा. रिक्षा आली, थांबा. एप्रिल २०२३मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं या रस्त्यावरच्या मासळीविक्रीची स्वतःहून दखल घेतली, टपऱ्या हटवल्या गेल्या, मच्छीमार रस्त्यावर उतरले. ती बातमी ठाण्यात वाचली तेव्हा मी मनातून न्यायालयाच्या बाजूची होते. रस्ता तो रस्ता, मोकळा हवा. २०२४मध्ये तिथे सरकारनं मासळीबाजार बांधून दिला, आणि मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला.

तिथे रोज पळायला लागल्यावर इतकं सरळ वाटेना. किनारा त्यांच्या घराचं अंगण आहे आणि अंगणातून आपण रस्ता नेला, मग अंगणातल्या माणसांना अतिक्रमण म्हटलं. हे कळायला चेन्नईला जायची गरज नव्हती. वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घ्यायला किती काळ झगडा केला, ते माझ्या पेपरात रोज येत होतं. मी मात्र त्या प्रकल्पातला २०२५मध्ये खुला झालेला विहारपथ बघून हरखले होते, सलग कितीतरी किलोमीटर, एकही सिग्नल नाही. सलग या शब्दाला धावपटू फार भुलतात. समुद्राची कड कुठेच आपोआप सलग आणि मोकळी नसते, कुणीतरी ती आपल्यासाठी मोकळी केलेली असते. लूप रोडवरची वाहनं कुठे जावीत याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मासळीच्या पाट्यांपाशी थांबावं लागलं म्हणून आता मी तोंड वाकडं करत नाही. तिथल्या एका बाईकडून ताई मासळी घेते. मी घामाघूम उभी राहून पिशवी धरते आणि माझी ‘सराव धाव’ तिथेच संपते.

मी ज्याला रिकामा म्हणत होते तो किनाराही तसा रिकामा नव्हता, हे ताईच्या मुलीमुळे कळलं. ती कॉलेजात असताना कासवांच्या फेरीला जायची. जानेवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले माद्या या वाळूत अंडी घालायला येतात, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून विद्यार्थ्यांची एक संघटना रात्री नीलांकरै ते बेझंटनगर चालत जाऊन ती अंडी शोधते, कुंपणातल्या वाळूत नेऊन पुरते, पिल्लं निघाली की समुद्रात सोडते. म्हणजे मी साडेपाचला ‘माझ्याआधी इथे कुणी नाही’ अशा थाटात बेझंटनगरला उतरत असेन, तेव्हा ही पोरं रात्र चालून घरी झोपायला गेलेली असणार. जाळ्यात गुदमरून मेलेली कासवंही तिथे वाहून येतात. जानेवारी २०२५मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर ती शेकड्यांनी आली. भाचीनं तेव्हा पाठवलेले फोटो मी ग्रुपवर टाकले नाहीत.

सगळं गोड मानून घेतलेलं नाही. चेन्नईचे फूटपाथ हा वेगळा विषय आहे, पळताना नजर समुद्रावर नव्हे, फरश्यांवर ठेवावी लागते. कूवम नदीचा वास नेपियर पुलावर येतो तेव्हा श्वास धरून पळता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. बायकांसाठी स्वच्छतागृह पहाटे उघडं सापडणं हे तिथेही नशिबावर आहे, ठाण्याइतकंच. आणि खरा लांब पल्ल्याचा सराव असेल, घड्याळ लावून, तर मी मैलापूरच्या कोलमांमधून जाणार नाही, मुकाट्यानं मरीनाचा रस्ता धरेन.

पण सुट्टीत नवख्या गावी मला कुणी रस्ता विचारला तर आता मी सांगते की उपग्रहाचा नकाशा बाजूला ठेवा. आदल्या संध्याकाळी फुलवाल्याला विचारा, माल किती वाजता येतो. कॉफीचं दुकान पहाटे कधी उघडतं ते बघा. देवळाची काकडआरती, मासळीचा लिलाव, दुधाच्या गाड्या, जिथे माणसं तुमच्या आधी कामाला लागलेली असतात तो रस्ता धरा. दिवे असतात, कुत्र्यांना ओळखणारं कुणी असतं, पाय मुरगळला तर हाक ऐकू जाते. ग्रुपमधले एक काका म्हणाले, ‘मग ते रनिंग कुठे राहिलं, बाजारहाट झाली.’ त्यांचं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. गेल्या गणपतीनंतर हर्णैला गेले तेव्हा मी पहाटेची कर्द्याची वाळू सोडली आणि लिलावाच्या वेळी बंदराकडे पळत गेले. मासळीच्या पाण्यात नवे बूट भिजले, त्यांचा वास अजून गेलेला नाही.

ताईनं आता मे महिन्यात बोलावलंय. मेमध्ये तिथे अग्नी नक्षत्राचे दिवस असतात, समुद्रावरचा वारा सुटेपर्यंत दुपार होते आणि सकाळी सहालाच अंगाला धार लागते. मी बूट नेणार आहे, पण पळायला नाही. नागेश्वरराव पार्कात त्या बायांच्या मागे चालण्यासाठी. त्यांच्या वेगाला मला पुरं पडता येईल की नाही, याची शंकाच आहे.